छापण्याआधी आणि छापल्यानंतर

२५ मार्च २०१८ च्या 'करंट सायन्स'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखकांत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि शुभदा नगरकर होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 'मान्यताप्राप्त' म्हणून जाहीर केलेली संशोधनपत्रिकांची यादी त्यांनी तपासायला घेतली होती. यादीचा एक मोठा भाग देशातल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिकांचा होता, एकूण ५,६९९. त्यांतल्या १,३३६ पत्रिका चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्ये असलेल्या ३२७ बाजूला काढल्या आणि उरलेल्या १,००९ एकेक करून पाहिल्या. ३४.५ टक्के पत्रिका पहिल्याच चाळणीत गळाल्या, कारण त्यांचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावे यांचा धड मेळ लागत नव्हता. आणखी ५२.३ टक्के पत्रिकांनी खोटी माहिती दिली होती: चुकीचा आयएसएसएन, नसलेला इम्पॅक्ट फॅक्टर, संशयास्पद सूच्यांमधला समावेश, संपादक म्हणून पात्रता नसलेल्यांची नावे. सगळे निकष लावल्यावर निष्कर्ष निघाला तो असा, की तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका कमी दर्जाच्या असाव्यात.

हे आकडे तेव्हा वर्तमानपत्रांत आले, चार दिवस चर्चा झाली. चर्चेचा सगळा रोख आयोगावर राहिला. मला त्या निबंधातली दुसरीच गोष्ट जास्त टोचली. या पत्रिका कोणा दलालाने यादीत घुसवलेल्या नव्हत्या. त्या विद्यापीठांनी सुचवल्या होत्या. म्हणजे कुठेतरी एखाद्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत, एखाद्या विभागाच्या टेबलावर, प्राध्यापक म्हणवणाऱ्या माणसांनी ती नावे लिहून दिली होती. त्या पत्रिकांचा एक अंक जरी कोणी उघडून वाचला असता, तर हात आपोआप थांबला असता. अंक उघडलाच गेला नाही, आणि ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना आहे त्याचा विषय नेमका तिथून सुरू होतो.

संशोधन प्रकाशनातली नीतिमत्ता म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ते चौर्य, चौकशी समिती आणि शिक्षा. हे सगळे विषयात आहेच, पण ते विषयाचे एक टोक आहे. मूळ प्रश्न विश्वासाचा आहे. शोधनिबंध वाचणारा माणूस प्रयोगशाळेत हजर नव्हता, त्याने मूळ दप्तर पाहिलेले नाही, ज्या गावात सर्वेक्षण झाले तिथे तो गेलेला नाही. लेखक सांगतो त्यावर त्याला पुढचे काम करायचे असते. डॉक्टर औषध बदलतो, इंजिनिअर गणित करतो, विद्यार्थी प्रबंधाचे पुढचे प्रकरण लिहितो. हा वाचक लेखकाला कधी भेटणार नाही, कदाचित अजून जन्मलेलाही नसेल. त्याला फसवायचे नाही, एवढ्यासाठी संपादक, परीक्षक, लेखक आणि प्रकाशक यांनी आपल्यावर घालून घेतलेली बंधने म्हणजे हा विषय. वाचक मनात असला तर यातला प्रत्येक नियम सहज पटतो, आणि तो मनातून गेला की सगळेच नियम अडथळे वाटू लागतात. आपल्याकडे गेल्या पंधरा वर्षांत वाचकच गेला, असे माझे म्हणणे आहे.

तो कसा गेला, हे सांगायला हवे. २०१० च्या नियमावलीत आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुकीला आणि पदोन्नतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणाऱ्या निर्देशकांचे, गुण जोडले. छापलेल्या पेपरला गुण, परिषदेत वाचलेल्या पेपरला गुण, संपादित पुस्तकातल्या प्रकरणाला गुण. हेतू वाईट नव्हता. शिकवणाऱ्याने संशोधनही करावे, एवढीच अपेक्षा होती. पण तालुक्याच्या गावी, आठवड्याचे सगळे तास घेऊन, परीक्षेचे काम, नॅकचे काम, प्रवेशाचे काम उरकून, नीट ग्रंथालय नसलेल्या महाविद्यालयात बसलेल्या माणसाला गुण हवे होते आणि वेळ नव्हता. मागणी तयार झाली आणि पुरवठा करणारे लगेच उभे राहिले. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापलेला असणे सक्तीचे झाले, तेव्हा विद्यार्थ्यांचीही रांग त्याच दाराशी लागली.

या बाजाराचे एक पत्रक समोर ठेवून पाहा. गुळगुळीत कागदावर चार रंगांत छापलेले किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे. वर संस्थाचालकांचे फोटो, खाली 'एकदिवसीय आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद'. विषयांच्या यादीत मराठी, वाणिज्य, वनस्पतिशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, सगळे एकाच छपराखाली. नोंदणी शुल्क वेगळे, पेपर छापण्याचे शुल्क वेगळे, सहलेखक असल्यास त्याच्या प्रमाणपत्राचे वेगळे. 'पिअर रिव्ह्यूड', 'इम्पॅक्ट फॅक्टर', 'आयएसएसएन' हे तीन शब्द ठळक अक्षरांत. आता दोन तारखा पाहायच्या: पेपर पाठवण्याची शेवटची तारीख आणि परिषदेची तारीख. त्यांत आठवड्याचेही अंतर नसते, आणि परिषदेच्या सकाळी विशेषांकाचे प्रकाशन असते. दोनशे पेपर चार-पाच दिवसांत परीक्षकांकडे गेले, वाचून झाले, दुरुस्त होऊन परत आले, मुद्रितशोधन झाले आणि छापून आले, असे ते पत्रक सांगते. हे घडू शकत नाही हे पत्रक काढणाऱ्याला माहीत असते आणि पैसे भरणाऱ्यालाही. दोघांनाही माहीत असलेले असत्य त्या पत्रकात छापलेले असते, आणि ते वाचून कोणाला काही वाटेनासे झाले, ही मला या सगळ्यातली सर्वांत दुखरी गोष्ट वाटते.

आयएसएसएनबद्दल इथेच दोन गोष्टी सांगतो, कारण या क्रमांकाचा जेवढा धाक आपल्याकडे आहे तेवढा जगात कुठे नसेल. हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक आहे. त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. पाककृतींच्या मासिकालाही तो मिळतो. त्याचा शेवटचा अंक पडताळणीचा असतो. पहिल्या सात अंकांना क्रमाने ८, ७, ६, ५, ४, ३, २ यांनी गुणायचे, बेरीज करायची, ११ ने भागायचे आणि बाकी ११ मधून वजा करायची. 'नेचर'चा क्रमांक ००२८-०८३६ आहे. गुणाकारांची बेरीज १२, ४०, २४ आणि ६ मिळून ८२ होते, ११ ने भागल्यावर बाकी ५ उरते, ११ मधून ५ गेले की ६, आणि शेवटचा अंक ६ आहेच. मनाने रचलेला क्रमांक या गणितात बहुधा अडकतो. दुसऱ्याचा उचललेला क्रमांक मात्र अडकत नाही. तो पकडायचा तर आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकून त्यापुढे कोणत्या नियतकालिकाचे नाव येते ते पाहावे लागते. पाच मिनिटांचे काम आहे. वर सांगितलेल्या पुण्याच्या अभ्यासात चुकीचे क्रमांक सापडले ते अशाच साध्या तपासणीतून.

भारताचे नाव या प्रकरणात जगभर झाले आहे, तेही चांगल्या अर्थाने नाही. २०१३ साली 'सायन्स'साठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे धाडला. १५७ जणांनी तो स्वीकारला. ज्यांच्याकडे पाठवला त्यांतली सुमारे एक तृतीयांश नियतकालिके भारतातली होती. हैदराबादच्या ओमिक्स समूहाला अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला, कारण परीक्षण झाल्याचा दावा आणि संपादक मंडळावरची नावे यांबाबत लेखकांची फसवणूक झाल्याचे सिद्ध झाले. म्हणून परदेशी आणि मोठे ते सगळे स्वच्छ, असाही समज करून घेऊ नये. एल्सेव्हिअरच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेने २००० ते २००५ या काळात औषध कंपन्यांच्या पैशावर, संशोधनपत्रिका वाटाव्यात अशी प्रकाशने काढली. त्यांतल्या एकामागे मर्क कंपनी होती, आणि ते उघड व्हायला २००९ उजाडले. वायली या मोठ्या प्रकाशकाने विकत घेतलेल्या हिंदावीच्या नियतकालिकांतून एकट्या २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले.

आयोगाने या आजारावर याद्यांचे औषध करून पाहिले. जानेवारी २०१७ ची यादी तीस हजारांवर पत्रिकांची होती. मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ पत्रिका काढल्या. २०१९ मध्ये 'केअर' यादी आली, तिचे काम पुणे विद्यापीठातल्या प्रकाशननीती केंद्रातून चालले. त्याच वर्षाअखेरीस पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमात संशोधन आणि प्रकाशननीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. २०२२ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी पेपर छापण्याची सक्ती काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली आणि पत्रिकेचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आली. केअर यादी करणाऱ्यांनी मनापासून काम केले हे मी जवळून पाहिले आहे. तरी माझे मत सुरुवातीपासून असे आहे, की यादी कितीही चांगली असली तरी ती वाचण्याच्या जागी बसते. यादीत आहे ना, मग झाले. यादीतल्या पत्रिकेच्या नावाने हुबेहूब संकेतस्थळ उभारून पैसे गोळा करणारे लोक निघाले, आणि आपले शिकलेसवरलेले लोक त्यांना फसले, कारण त्यांनी नाव पाहिले होते, अंक पाहिला नव्हता.

मुळात संशोधनपत्रिका कशासाठी निघाल्या, ते थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. १६६५ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये हेन्री ओल्डनबर्गने 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले. दोन महिने आधी पॅरिसला 'जुर्नाल दे साव्हां' निघाले होते. त्याआधी विद्वान एकमेकांना पत्रे लिहीत, शोध लपवून ठेवत, आणि मग आधी कोणाला सुचले यावरून भांडत. ओल्डनबर्गने आलेल्या मजकुराला तारीख द्यायला सुरुवात केली. एवढ्याशा गोष्टीने फार मोठा फरक पडला. शोध जाहीर केला तरी श्रेय जाणार नाही, ही खात्री मिळाल्यामुळे माणसे बोलू लागली. आजही चांगल्या पत्रिकेत निबंधाखाली तो कधी आला, दुरुस्त होऊन कधी परत आला आणि कधी स्वीकारला, या तीन तारखा असतात. आपल्या किती मराठी पत्रिकांत त्या असतात? छापायला एक ओळ लागते, खर्च काहीच नाही.

परीक्षणाची प्रथा आज आपण गृहीत धरतो, पण ती तितकी जुनी नाही. 'नेचर'ने प्रत्येक निबंध बाहेरच्या परीक्षकाला दाखवण्याची पद्धत १९७३ मध्ये पक्की केली. तिचे मोल काय, हे सांगायला १९३६ ची एक घटना पुरेशी आहे. आइन्स्टाइनने नेथन रोझन यांच्यासोबत 'फिजिकल रिव्ह्यू'कडे निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्यात निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे धाडला. लेखक आइन्स्टाइन आहे म्हणून तो तसाच छापला नाही, हे टेट यांचे धैर्य आजही शिकवण्यासारखे आहे. परीक्षकाने सविस्तर लिहून चूक दाखवली. छापण्याआधी आपला मजकूर दुसऱ्याला दाखवला म्हणून आइन्स्टाइन चिडले आणि त्यांनी निबंध परत मागवला. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन. त्यांचे नाव कितीतरी दशकांनंतर बाहेर आले. पुढे प्रिन्स्टनमध्ये गप्पांच्या ओघात रॉबर्टसन यांनी आइन्स्टाइनचे सहकारी लिओपोल्ड इन्फेल्ड यांना तीच चूक समजावून दिली, आपण परीक्षक होतो हे न सांगता. १९३७ मध्ये तो निबंध दुसऱ्या नियतकालिकात आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. २०१५ मध्ये त्या लहरी प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या, आणि आता आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, त्या टिपणारी वेधशाळा उभारायचे ठरले आहे. एका अनामिक माणसाने अहवाल मन लावून लिहिला आणि श्रेय मागितले नाही. परीक्षकाचे काम याहून चांगले मला समजावून सांगता येणार नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्या घरातले आहे, आणि ते लिहिताना मला वाईट वाटते, कारण दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. गोव्यात जन्मलेला, पुण्यात राहून काम केलेला एवढ्या तोलाचा गणितज्ञ आणि इतिहासकार विरळाच. १९५९ मध्ये त्यांनी संख्यासिद्धांतातल्या रीमान गृहीतकाबद्दल दावा करणारा निबंध भारतीय कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात छापला. कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकाकडे संख्यासिद्धांताचे जाणकार परीक्षक असतील, ही अपेक्षाच चुकीची. दावा टिकला नाही, आणि गणितज्ञ म्हणून त्यांच्या लौकिकाला त्याने जी इजा केली ती भरून निघाली नाही. परीक्षक लेखकाची वाट अडवतो असे आपल्याला वाटते. कोसंबींच्या बाबतीत तो लेखकाचे रक्षण करू शकला असता.

लेखक कोण, हा प्रश्न वरवर बालिश वाटतो, पण पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण याच विषयावर आहे, आणि ते तसेच हवे होते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक गट १९७८ मध्ये व्हँकुव्हरला जमला. त्यातून तयार झालेले निकष आज अनेक शाखांनी स्वीकारले आहेत. लेखक म्हणवून घ्यायचे तर कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात खरा वाटा हवा. लिहिण्यात किंवा मजकूर पारखून सुधारण्यात वाटा हवा. छापील रूपाला संमती हवी. आणि चौथा निकष २०१३ मध्ये जोडला गेला तो हा, की निबंधातल्या कोणत्याही भागाबद्दल प्रश्न आला तर उत्तर देण्याची जबाबदारी घ्यायला हवी. हा चौथा निकष आपल्या महाविद्यालयांत वाचून दाखवला की खोली शांत होते. आपल्याकडे नाव घालणे हा मानाचा भाग समजला जातो. गाईड आहेत म्हणून सरांचे नाव, विभागप्रमुख आहेत म्हणून मॅडमचे नाव, गुण कमी पडतात म्हणून मित्राचे नाव. विद्यार्थी म्हणतो, 'सर, तुमचं नाव नको कसं म्हणू?' त्याचा संकोच मी समजू शकतो. गुरूंबद्दलची कृतज्ञता ही चांगलीच गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी निबंधाच्या शेवटी ऋणनिर्देशाची जागा आहे. लेखकाची जागा जबाबदारीची आहे.

ती जबाबदारी नसली की काय होते, हे २०२० च्या मे-जूनमध्ये सगळ्या जगाने पाहिले. कोविडची पहिली लाट चालू होती. आपल्या आयसीएमआरने मार्चमध्येच आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंध म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घ्यायला सांगितले होते. २२ मे रोजी 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला: सहा खंडांतली ६७१ रुग्णालये, ९६ हजारांवर रुग्ण, आणि या औषधाने मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने तीन दिवसांत या औषधाची चाचणी थांबवली. माहिती पुरवली होती सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या अमेरिकी कंपनीने. मग कोणीतरी एक साधी गोष्ट ताडून पाहिली. निबंधात ऑस्ट्रेलियातल्या पाच रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत ७३ मृत्यू झाल्याचे लिहिले होते, आणि त्या दिवसापर्यंत संपूर्ण ऑस्ट्रेलियात मिळून नोंदले गेलेले मृत्यू ६७ होते. त्यानंतर मूळ माहिती मागितली गेली, कंपनीने दिली नाही, आणि ४ जूनला चारपैकी तीन लेखकांनी निबंध मागे घेतला. ज्या माहितीवर आपण सही केली ती आपण स्वतः पाहिलेली नव्हती, हे त्यातून जगापुढे आले. हे साधेसुधे लोक नव्हते, नामवंत रुग्णालयांतले डॉक्टर होते. औषध उपयोगी नाही हे पुढे इतर चांगल्या चाचण्यांतून कळलेच, पण म्हणून या निबंधाला सूट मिळत नाही. बरोबर निघालेले उत्तर खोट्या माहितीतून काढले असेल तर तेही वाचकाच्या उपयोगाचे नसते, कारण पुढच्या वेळी त्यालाच त्या वाटेने जायचे असते.

सर्जिस्फिअरचा निबंध तेरा दिवसांत मागे घेतला गेला. त्याच 'लॅन्सेट'ने अँड्र्यू वेकफिल्ड यांचा, एमएमआर लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा निबंध फेब्रुवारी १९९८ मध्ये छापला होता, तो मागे घ्यायला फेब्रुवारी २०१० उजाडले. फक्त बारा मुलांवरचा निबंध. लसीविरुद्ध दावा करणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते, हे वाचकांना सांगितले नव्हते. तुलनेसाठी लागणारे रक्त त्यांनी मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या मुलांना पाच-पाच पौंड देऊन घेतले होते. २००४ मध्ये पत्रकार ब्रायन डिअरने हे बाहेर काढायला सुरुवात केली, तेव्हा दहा सहलेखकांनी निष्कर्षापासून स्वतःला दूर केले, तरी निबंध आणखी सहा वर्षे तसाच उभा राहिला. त्या बारा वर्षांत ब्रिटनमध्ये लस टाळणाऱ्या आईबापांची संख्या वाढली आणि गोवर परत आला. छापण्याआधीची चूक माणसाच्या हातून होते. छापल्यानंतर ती तशीच राहू देणे हा संपादकांनी घेतलेला निर्णय असतो. दोन्हींत मला दुसरी गोष्ट जास्त गंभीर वाटते.

म्हणूनच या पुस्तकातले निबंध मागे घेण्यावरचे प्रकरण मराठी संपादकांनी आधी वाचावे, असे मी सुचवतो. प्रकाशननीती समिती, म्हणजे कोप, १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यकीय संपादकांनी स्थापन केली. तिच्या मार्गदर्शक सूत्रांत एक गोष्ट वारंवार येते: निबंध मागे घेणे ही लेखकाला दिलेली शिक्षा नसते, ती वाचकाला दिलेली सूचना असते. लेखकाने प्रामाणिक चूक केली असली तरी निबंध मागे घेता येतो, आणि त्यात कमीपणा नाही. मागे घेतलेला निबंध गायब करायचा नाही. तो जागेवर ठेवून त्यावर ठळक शेरा मारायचा, कोणी मागे घेतला आणि का, हे स्वच्छ लिहायचे. मराठीत पुस्तकांना शुद्धिपत्र जोडण्याची जुनी सवय आहे. नियतकालिकांत मात्र मागच्या अंकातला लेख चुकीचा ठरला तर संपादक बहुधा गप्प बसतात. फार तर पुढच्या अंकात दुसऱ्या कोणाचा प्रतिवाद छापतात आणि वाचकाने काय ते ठरवावे असे समजतात. प्रतिवाद छापणे चांगलेच, पण कागदपत्र बनावट निघाले किंवा मजकूर उचललेला निघाला, तर तिथे वाद उरलेला नसतो. तिथे संपादकाने बोललेच पाहिजे.

उचललेल्या मजकुराबद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज रुजला आहे, तो टक्केवारीचा. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधांसाठी साम्याचे स्तर ठरवले आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांत सुधारून द्यायचे, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर बंदी, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. नियम करणाऱ्यांना कुठेतरी रेषा आखावी लागली हे खरे. पण परिणाम असा झाला, की विद्यार्थी विचारतो, 'सर, किती टक्के चालतं?' नऊ टक्के चोरी चालते, असे त्याला वाटू लागले आहे. शिवाय सॉफ्टवेअर शब्द जुळवून पाहते, विचार जुळवून पाहत नाही. मराठीत तर त्याची मर्यादा फारच लवकर दिसते. इंग्रजी पुस्तकातले अख्खे प्रकरण, किंवा हिंदीतला लेख, मराठीत उतरवला आणि मूळ लेखकाचे नाव गाळले, तर अहवालात साम्य शून्याच्या जवळ येते. महाविद्यालयाच्या शिक्क्यासह तो अहवाल जोडलेला असतो. मराठी सामाजिक शास्त्रांत आणि समीक्षेत ही चोरी जुनी आहे. ती ओळखू शकतो तो फक्त त्या विषयातले इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाचलेला परीक्षक, आणि वाक्यरचना वाचताच त्याला ती जाणवते: कर्मणी प्रयोगांची भरमार, मध्येच आलेला एखादा ब्रिटिश संदर्भ, महाराष्ट्राबद्दलच्या लेखात महाराष्ट्रातले एकही उदाहरण नसणे. आता भाषांतर आणि लेखन करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आल्यामुळे हे काम काही मिनिटांत होते. कोपने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की असे साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. व्हँकुव्हरच्या निकषांशी हे सरळ जुळते. साधन वापरले असेल तर लेखकाने तसे सांगावे, एवढीच अपेक्षा आहे, आणि ती जास्त नाही.

लहान भाषेतल्या पत्रिकेच्या काही अडचणी खऱ्या आहेत, त्या झाकून चालणार नाही. महानुभाव वाङ्मयावर किंवा मोडी कागदपत्रांवर अधिकाराने मत देऊ शकणारी माणसे थोडी आहेत आणि ती एकमेकांना ओळखतात. नाव काढून टाकले तरी दुसऱ्या परिच्छेदात लेखक कळतो. कोणी कोणाचा विद्यार्थी असतो, कोणाचे कोणाशी वीस वर्षे बोलणे नसते. परीक्षकाला मानधन देण्याइतके पैसे पत्रिकेकडे नसतात. पण यातून वाट निघते. परीक्षकाने आपले लेखकाशी असलेले नाते संपादकाला लिहून कळवावे; संपादकाच्या स्वतःच्या लेखाचा निर्णय दुसऱ्याने घ्यावा; वर्षाच्या शेवटी सगळ्या परीक्षकांची नावे एकत्र छापून त्यांचे आभार मानावेत; किती लेख आले आणि किती परत पाठवले, हे वाचकांना सांगावे. यांपैकी एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. एका बाबतीत आपल्या जुन्या पत्रिका आजच्या श्रीमंत प्रकाशकांपेक्षा उजव्याच होत्या. वर्गणीदारांच्या आणि संस्थेच्या बळावर चालणाऱ्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारख्या पत्रिकांत लेखकाकडून छापण्याचे पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. वर्गणीदार अंक वाचत, पत्र लिहीत, चुका काढत. तो वाचक परत मिळवायचा तर पत्रिका पुन्हा वाचनीय व्हायला हव्यात, आणि ते काम नियमावलीने होणारे नाही.

हे पुस्तक सक्तीच्या तीस तासांच्या अभ्यासक्रमासाठी उपयोगी पडेलच. पण मला ते त्याहूनही अधिक महाविद्यालयांतल्या संशोधन समित्यांच्या हाती पडलेले पाहायचे आहे. केअर यादी गेल्यापासून कोणती पत्रिका ग्राह्य धरायची, हे त्यांनाच ठरवायचे आहे. आयोगाने त्यासाठी सूचक निकष दिले आहेत, आणि बैठकीत त्या निकषांपुढे होय-नाहीच्या खुणा करून निर्णय घेण्याचा मोह होणार, हे उघड आहे. समितीने त्या दिवशी टेबलावर पत्रिकेचे मागचे दोन अंक ठेवावेत, सदस्यांनी आपापल्या विषयातला एकेक लेख पूर्ण वाचावा, संपादक मंडळावरच्या दोन जणांना फोन करून आपले नाव तिथे आहे हे त्यांना ठाऊक आहे का ते विचारावे, आणि मग इतिवृत्तात आपले मत सहीसह लिहावे.